कोटाची पाठ

न्यूयॉर्क,
१६ जानेवारी १९५६

प्रिय ओपल,

ऑक्टोबरनंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही. रोज रात्री डायरीची दोन पानं भरणारी बाई मावसबहिणीला पत्र लिहायला वेळ नव्हता म्हणाली, तर तू विश्वास ठेवू नयेस. आईच्या दफनाला मी पोचले तेव्हा तुम्ही सगळे दफनभूमीच्या फाटकातून बाहेर पडत होतात. तू माझ्या हातातली फुलं घेतलीस आणि म्हणालीस, "चल, कॉफी गरम आहे." त्या वाक्यावर मी अजून जगते आहे.

आता पत्र लिहिते आहे तेही काम काढून. हे मला कळतं, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

आमचा रविवारचा कार्यक्रम तू थेल्माच्या घरी बघतेस, त्यामुळे त्याची रीत तुला सांगायला नको. पाहुणा येतो, फळ्यावर नाव लिहितो. तो काय काम करतो ते सभागृहातल्या आणि घरोघरच्या लोकांना पडद्यावर दिसतं; मेजामागे बसून प्रश्न विचारणारे चौघे तेवढे अंधारात असतात. 'हो' किंवा 'नाही' एवढ्याच उत्तराचे प्रश्न विचारत त्यांनी धंदा ओळखायचा, आणि दहा वेळा 'नाही' आलं की पाहुणा जिंकला. असे पाहुणे शोधून आणणं हे माझं काम. बाहुल्यांचे डोळे बसवणारी बाई झाली, सर्कशीतल्या हत्तींची नखं कापणारा माणूस झाला. आता मला कुणी सापडत नाही, आणि वरचे लोक माझ्याकडे घड्याळाकडे बघावं तसं बघायला लागलेत.

ओपल, तुझ्यासारखं काम करणारं माणूस या टेबलासमोर आजवर बसलेलं नाही. येशील?

तुझी,
लेनोर

*

मिलरोज, इंडियाना,
२४ जानेवारी

लेनोर,

पत्र मिळालं. जेवणाच्या सुट्टीत शिवणखोलीत वाचून दाखवलं. थेल्मा आमची मुकादम, ती कधी कौतुक करत नाही, पण चष्मा काढून पुसला तिनं. डेसी म्हणाली, "टीव्हीवर जायचं तर आधी पुढचा दात बसवून घे, नाहीतर सगळ्या देशाला शिट्टी ऐकू जाईल." सगळ्या हसल्या. आम्ही अठराजणी आहोत, आणि हसतो खूप. पण दार लावून. माल न्यायला गाडीवाला अंगणात आला, की कुणी न सांगता तोंडं बंद होतात. तशीच रीत आहे. बाहेर कुणी विचारलं तर आम्ही "शिवणकाम" म्हणतो आणि विषय बदलतो. शेजारच्या कारखान्यात शवपेट्या होतात, आमच्याकडे त्यांतल्या माणसांचे कपडे, हे गावात प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि प्रत्येकाला ठाऊक आहे म्हणूनच कुणी बोलत नाही.

मला यायला आवडेल. मी न्यूयॉर्क पाहिलेलं नाही, आणि तू बोलावलंस याचा मला आनंद झाला. ऑक्टोबरनंतर मला वाटलं होतं, तू आता आमच्याकडे पाठ फिरवणार.

एवढं एकच सांग. लोक हसतील का? माझं काही नाही गं, मी डेसीशेजारी बावीस वर्षं बसले आहे. पण ज्यांच्या घरचं माणूस नुकतंच गेलंय तेही बघत असतील. हसणार असतील तर मी येत नाही.

ओपल

*

न्यूयॉर्क,
३० जानेवारी

प्रिय ओपल,

तुझा प्रश्न वाचून मी खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिले, कारण त्याचं उत्तर हलकेपणानं द्यायचं नव्हतं. कार्यक्रमात लोक हसतात, हे खरं. पण ते हसतात चौघांच्या चुकीच्या अंदाजांना, पाहुण्याला नाही. ही फार सभ्य माणसं आहेत. बायका सॅटिनच्या झग्यात, पुरुष काळ्या कोटात. पाहुणी उठली की उभे राहून हात मिळवतात. तुझा आणि तुझ्या कामाचा मान राहील. मी शब्द देते.

ऑफिसला प्रत्येक पाहुण्याची टिपणं लागतात. तेवढं लिहून पाठव: हे कपडे इतर कपड्यांपेक्षा वेगळे कसे शिवतात, कुणासाठी शिवतात, आणि खोलीत तुम्ही आपसात काय बोलता. जितकं बारीक लिहिशील तितकं बरं. तिकीट सोबत आहे. चार मार्चचा रविवार ठरला.

लेनोर

*

मिलरोज,
६ फेब्रुवारी

लेनोर,

शब्द दिलास, आता मी निर्धास्त. बायकांनी मला टोपी घेऊन दिली आहे, निळी. थेल्मा म्हणते, टोपी न घालता गेलीस तर परत येऊ नकोस.

तुझी टिपणं. बायकांचे झगे फिके जांभळे, गुलाबी, राखाडी. पुरुषांचे कोट तपकिरी नाहीतर निळे. कॉलर, बटणं, पुढच्या चुण्या, हे सगळं खरं आणि हातानं केलेलं, कारण तेच दिसतं. माप द्यायला कुणी येत नाही, घरचे लोक सांगतात तेवढंच, त्यामुळे आम्ही अंदाज करायला शिकलो. कपड्याला पाठ नसते. मागून उघडा, नाड्या असतात, म्हणजे घालायला सोपं जातं. पण गाव लहान आहे, कधी नाव ओळखीचं निघतं. मग आम्ही पाठ शिवतो. कारखाना सांगत नाही, पगारात धरत नाही, पण शिवतो. इडा मावशीच्या झग्याला मी पाठ शिवली, लेनोर, दुहेरी टाक्यानं. तुला सांगायचं राहिलं होतं. तू इतक्या उशिरा आलीस, की ते सांगणं टोमण्यासारखं वाटलं असतं.

आपसात काय बोलतो ते लिहू नये, पण तू घरचीच. डेसीचं एक ठरलेलं आहे. नवीन मुलगी लागली, की डेसी तिला गंभीर चेहऱ्यानं सांगते, "आमच्या मालाची हमी आहे. आजवर नापसंत पडलं म्हणून एकानंही परत आणलेलं नाही." मुलगी आधी घाबरते, मग हसते, मग टिकते. जी हसत नाही ती आठवड्यात सोडून जाते. हे तुलाच सांगितलं हां.

ओपल

*

न्यूयॉर्क,
५ मार्च

प्रिय ओपल,

काल इतकी गर्दी होती, की तू कधी निघालीस ते मला दिसलंच नाही. जेवायला आपण बाहेर जाणार होतो. हॉटेलात विचारलं तर म्हणाले, बाई सामान घेऊन स्टेशनवर गेल्या.

तू उत्तम केलंस. टोपी फार शोभली. दहाच्या दहा 'नाही' मिळवणारे पाहुणे वर्षात चार-पाचच असतात. वरचे सगळे खूश आहेत. आज सकाळी जिन्यात मला थांबवून सांगितलं. पोचल्याचं कळव.

लेनोर

*

मिलरोज,
१२ मार्च

लेनोर,

पोचले. गाडी पहाटेची होती म्हणून निघाले असं लिहिणार होते, पण तसं नव्हतं.

तू पडद्याआड उभी होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. तरी मला खुर्चीतून कसं दिसलं ते सांगते. पडद्यावर माझं काम आलं तेव्हा सभागृह एकदम गप्प झालं. मला ते बरं वाटलं. आमच्या अंगणात गाडी आली की होतं तसं. मग ते लाल फूल लावलेले मिस्टर प्रेंटिस म्हणाले, "तुम्ही बनवता ते मला शोभेल का हो?" मी म्हटलं, "हो." पहिला हशा तिथे आला. "मग मी ते घालून पार्टीला जाऊ?" मी सूत्रधारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पार्टी फार शांत असली तर." "गिऱ्हाईक माप द्यायला स्वतः येतं?" "नाही." "घातल्यावर कुठे टोचत-बोचत नाही ना?" लोक मांड्या बडवत होते. आणि मग ते म्हणाले, "नापसंत पडलं म्हणून आजवर एकानं तरी परत आणलंय?" वरच्या सज्जातला एक माणूस उभं राहून टाळ्या पिटायला लागला.

शेवटी सूत्रधारांनी माझं काम चौघांना सांगितलं आणि हातातल्या कार्डात बघून मला विचारलं, "मिसेस ड्रिस्कॉल, या कपड्यांना म्हणे पाठच नसते?" मी मान डोलावली. हसत. मी का हसले, लेनोर? समोर एवढे लोक हसत असले की तोंड आपोआप तसं होतं. गाडीत बसल्यावर मी माझ्या गालांना हात लावून बघत होते.

परवा मिसेस बर्डसाल आल्या. तू त्यांना ओळखत नाहीस, मीही नव्हते. पलीकडच्या काउंटीतल्या. जानेवारीत नवरा गेला, आमच्या तपकिरी कोटात पुरला. बसने आल्या, पत्ता विचारत. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही हसत होतात."

मी म्हटलं, "हो."

म्हणाल्या, "मला एवढंच सांगा. त्यांच्या कोटाला पाठ होती का? ते अंथरुणातसुद्धा पाठ उघडी टाकून झोपायचे नाहीत हो."

वहीत बघून सांगते म्हटलं. त्या गेल्या.

शिवणखोलीत माझ्याशी कुणी बोलत नाही. थेल्मा कामापुरतं बोलते. डेसीनं पहिल्या दिवशी विचारलं, "माझं वाक्य कितीला विकलंस गं?" मग तिनं खुर्ची खिडकीकडे नेली. बावीस वर्षांत आमचं हसणं त्या दाराबाहेर गेलं नव्हतं.

मी ते वाक्य फक्त तुला लिहिलं होतं. मिस्टर प्रेंटिसना ते आपोआप सुचलं असेल तर मला सांग, माझा विश्वास बसेल. तू त्यांना दिलंस का? तुमच्या खेळासारखंच विचारते. हो की नाही?

ओपल

*

न्यूयॉर्क,
१५ मार्च

प्रिय ओपल,

नाही.

चौघांना पाहुण्याचं काम खरंच माहीत नसतं. त्याबद्दल आम्ही फार काटेकोर आहोत. मिस्टर प्रेंटिस हजरजबाबी गृहस्थ आहेत. बाई शिवणकाम करते असा त्यांना अंदाज आला असणार, आणि माल परत येतो का, हे कुठल्याही शिवणकामाबद्दल कुणीही विचारील. योगायोग दुर्दैवी, पण योगायोगच. डेसीला सांग. लोक हसले याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यावर आपलं नियंत्रण नसतं.

मिसेस बर्डसालना माझ्या वतीनं काही पाठवता येईल का?

लेनोर

*

मिलरोज,
२२ मार्च

लेनोर,

देवाची कृपा. तुझं पत्र मी जसंच्या तसं खोलीत वाचलं. डेसी म्हणाली, "कागदावर काय, काहीही लिहितात." मग मी उभी राहिले. मी कधी उभी राहून बोलत नाही, तुला ठाऊक आहे. म्हटलं, ही इडाची मुलगी आहे. उशिरा येते, पण खोटं बोलत नाही. तिनं नाही म्हटलंय म्हणजे नाही.

 मग डेसीनं खुर्ची परत आणली. म्हणाली, "तुझ्यावर संशय घेतला, माझं चुकलं." डेसीच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मिसेस बर्डसालनाही कळवलं. पाठ होती म्हणून सांगितलं. त्या शांत झाल्या. काही पाठवू नकोस.

ओपल

*

न्यूयॉर्क,
९ एप्रिल

ओपल,

हे पत्र मी आजवर चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत कारणं होती. यात नाहीत.

हो. मी दिलं.

आमच्याकडे अशी पद्धत आहे, की चौघांना धंदा सांगायचा नाही, पण त्यांतल्या एकाला कार्यक्रमाआधी एक चिठ्ठी द्यायची. 'हा पोशाख आहे असं धरून विचारा. पार्टीबद्दल विचारा. माल परत येतो का विचारा.' त्याला कळत नाही आपण काय विचारतो आहोत, सभागृहाला कळतं. हशा तिथून येतो. तो कधीच आपोआप येत नाही. गेली तीन वर्षं ती चिठ्ठी मी लिहिते. लोक कशाला हसतील हे ओळखण्यात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नाही, असं म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडत होतं. "लोक हसतील का?" असं तू विचारलंस तेव्हा तुझा प्रश्न त्याचं उत्तर ठरवणाऱ्या माणसाकडेच आला होता.

मूळ चिठ्ठी सोबत ठेवली आहे. सहा प्रश्न आहेत, अक्षर माझं. त्यांतले चार तुझ्या सहा फेब्रुवारीच्या पत्रातले.

सूत्रधारांचं कार्डही मीच लिहिलं. हे सर्वांत वाईट, म्हणून शेवटी ठेवत होते, पण शेवटी ठेवणं हीसुद्धा एक युक्तीच. 'कपड्याला पाठ नसते' हे तू ज्या परिच्छेदात लिहिलंस, त्याच परिच्छेदात आईच्या झग्याचं होतं. मी पहिला अर्धा उतरवून घेतला आणि दुसरा अर्धा सोडला. तो वाचून मी रडले होते, ओपल. मग डोळे पुसून कार्ड टाइप केलं. त्या दिवसाच्या डायरीची अडीच पानं आहेत. त्यांत माझं रडणं आहे, आईची आठवण आहे, स्वतःच्या उणिवांची चांगली लांबलचक यादी आहे. कार्डाबद्दल एक शब्द नाही. सव्वीस वर्षं मी स्वतःला प्रामाणिक समजत आले ती या वह्यांच्या जोरावर.

ऑक्टोबरचंही सांगते. मला कुणी थांबवलं नव्हतं. आई शुक्रवारी गेली, तार शनिवारी सकाळी हातात होती. रविवारी एक अवघड पाहुणा होता, आणि माझ्या चिठ्ठीला हशा येतो की नाही ते मला ऐकायचं होतं. आला. मग मी गाडी पकडली.

मी कामावर सांगितलं आहे, की चिठ्ठ्या यापुढे दुसऱ्या कुणी लिहाव्यात. याला मोठेपणा समजू नकोस. ज्या मुलीला ते काम दिलं तिचं पहिलंच पान मी तपासून सुधारून दिलं, आणि टेबलावर ठेवल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

तू अठराजणींसमोर उभी राहिलीस ते माझ्या 'नाही'वर. म्हणून ही चिठ्ठी त्याच खोलीत वाच. वाचायला मी हवी असेन तर मी येईन.

एक विचारायचं आहे आणि विचारायचा हक्क मी घालवला आहे. जी बाई तुझ्याशी खोटं बोलली तिनं तुझ्या शब्दावर शंका घ्यावी, हेही लाजिरवाणंच. पण तेव्हापासून झोपताना मनात तेच येतं. आईच्या झग्याला खरंच पाठ आहे ना?

लेनोर

*

मिलरोज,
१७ एप्रिल

लेनोर,

पत्र आलं त्या दिवशी मी ते स्वयंपाकघरात डब्याखाली ठेवलं आणि दोन दिवस हात लावला नाही. वरचा एक शब्द दिसला होता तेवढा पुरे होता.

आधी माझं सांगते. मिसेस बर्डसालना मी 'पाठ होती' म्हटलं, ते वही न उघडता म्हटलं. उघडायची गरज नव्हती. कोट मी शिवला होता, नाव ओळखीचं नव्हतं, पाठ नव्हती. तुझं 'नाही' त्या आठवड्यात आलं, सगळं सुरळीत झालं, मला वाटलं आणखी एकीला बरं वाटू दे. तेव्हा तुला नावं ठेवताना माझी जीभ तितकीशी चालत नाही. ठेवते, पण अडखळत.

शनिवारी बसने त्यांच्याकडे गेले. दारातच सांगितलं, पाठ नव्हती, मी खोटं बोलले. त्यांनी दार लावलं नाही. म्हणाल्या, "शिवला कुणी?" म्हटलं, "मी." "बटणं मशीनवर लावता?" "नाही, हातानं." "वरचं बटण त्यांना कधी जमायचं नाही," म्हणाल्या. मग आत बोलावलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण घरी भाजलेल्या गोड पायचा तुकडा बशीत दिला. रूबार्बच्या आंबट देठांचा.

सोमवारी दार लावून तुझं पत्र वाचलं, चिठ्ठीसकट. सहाही प्रश्न वाचून झाले. मग डेसी म्हणाली, "चौथा बरा आहे. सहावा अगदीच फुसका. एवढं कॉलेज शिकून हे? मला विचारलं असतं तर मेलेला उठून हसला असता." आणि थेल्मा हसली. थेल्मा, लेनोर. मग सगळ्याच हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्यात मध्येच कधीतरी ते हसणं राहिलं नाही. अंगणात गाडी वाजली, तशा गप्प झालो.

डेसीनं तुला माफ केलेलं नाही. मी केलंय की नाही ते मला सांगता येत नाही. असलं काही मी आधी केलेलं नाही. चिठ्ठी थेल्मानं कात्र्यांच्या खणात ठेवली आहे. नवीन मुलगी लागली की दाखवायची, असं ठरलं.

आता आम्ही सगळ्यांच्याच पाठी शिवतो. जास्तीचा वेळ जातो. वरच्यांना अजून कळलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. फिका जांभळा, दुहेरी टाका, मानेपासून खालपर्यंत.

यायचं म्हणतेस तर ये. तुला मावशीकडे घेऊन जाईन, मग डेसीकडे. रविवारी ये. दुसरा वार चालणार नाही.

ओपल